काढून टाकलेला प्रवेश

"तुमच्या नाटकाचा तिसरा अंक माझा आहे," समोरच्या खुर्चीत बसत ते गृहस्थ म्हणाले.

सकाळचे दहा वाजले असतील. वडशाच्या मुख्य रस्त्यावर आमच्या 'चंद्रमौळी नाट्यमंडळा'चं ऑफिस होतं. एक टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर रंगीत पोस्टरं. दिवाळी ते होळी हा आमचा हंगाम. झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्वेकडच्या या धानाच्या मुलखात, दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते आणि मंडईच्या दिवशी गावात नाटक नसलं तर गावाला कमीपणा वाटतो. १९९६च्या त्या हंगामात ज्याला त्याला आमचंच नाटक हवं होतं. नाव 'पाचांपुढे एकटी'. लेखक आणि दिग्दर्शक मोरेश्वर दोनाडकर, म्हणजे मी.

"आपण कोण?" मी विचारलं.

"दौलत भोयर. प्राथमिक शाळेत मास्तर होतो. गेल्या साली निवृत्त झालो."

त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होतो. नाव मात्र मला माहीत होतं. ते मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

त्यांनी कापडी पिशवीतून एक जाड वही काढून टेबलावर ठेवली. पानापानावर कार्बन पेपरचं निळं, पुसट अक्षर. वर नाव होतं 'उत्तर'.

"ही माझ्याजवळची नक्कल. मूळ प्रत तीन वर्षांपूर्वी तुमच्या मंडळाला पोस्टाने पाठवली होती."

"गुरुजी, पोस्टाने ढीगभर नाटकं येतात. आणि नवऱ्याने टाकलेली बाई, तिच्यावर आळ, पंचांचा निवाडा, हे झाडीत शंभर नाटकांत झालं असेल."

"झालं असेल जी. पण त्या शंभरांतली कोणतीच बाई हे वाक्य बोलत नाही."

त्यांनी वही उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

तो प्रवेश असा होता. बाई एक रात्र घरी नव्हती. सकाळी पाच पंच बसतात आणि विचारतात, रात्रभर कुठे होतीस? ती बराच वेळ गप्प उभी राहते. मग एकच वाक्य बोलते. आमच्या मंडळातली वनिता गेडाम ते काम करायची. तेवीस-चोवीस वर्षांची पोरगी, पण त्या गप्प उभं राहण्यात ती असा जीव ओतायची की हजार माणसांचा मांडव श्वास धरून बसायचा. वाक्य संपलं की बायका तोंडाला पदर लावायच्या. बुकिंगला येणारी माणसं नाटकाचं नाव विसरायची आणि म्हणायची, "ते वाक्यवालं नाटक द्या जी."

ते वाक्य मी इथे लिहिणार नाही.

"बरं, तुमचं म्हणणं काय?" मी सूर मऊ केला. "हँडबिलावर नाव टाकू का तुमचं? मानधनाचंही बघू."

"नाव नको. मानधन नको. तो प्रवेश काढून टाका."

"काढून टाका? काहून?"

"माझं लिखाण आहे. मला ते रंगमंचावर नको आहे. एवढं पुरत नाही का?"

"गुरुजी, होळीपर्यंतच्या तारखा बुक झाल्यात. तीस-बत्तीस माणसांची पोटं या नाटकावर चाललीत. तो प्रवेश काढला तर नाटकात राहतं काय?"

"ते तुम्ही लिहा. तुम्ही लेखक आहात." हे ते टोमणा मारल्यासारखं नाही, साधेपणाने म्हणाले. म्हणून जास्त लागलं. "आठ दिवस थांबतो," म्हणत ते उठले. मागवलेल्या चहाला त्यांनी हात लावला नाही. वही मात्र माझ्याकडे ठेवून गेले. म्हणाले, ताडून पाहा, माझ्याजवळ आणखी एक आहे.

दुसऱ्या दिवशी मी ब्रह्मपुरीला सुलभा वैरागडे वकीलबाईंकडे गेलो. मंडळाचे करारमदार त्याच करून द्यायच्या. पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. माझ्या नाटकाची संहिता आणि गुरुजींची वही त्यांनी शेजारी शेजारी ठेवली, हातात लाल पेन्सिल घेतली आणि मला बाहेरच्या बाकावर बसवलं. दोन तासांनी आत बोलावलं.

मी आधीच सुरुवात केली. "बाई, त्यांनी त्या नाटकाची कुठे नोंदणी केलेली नाही. छापलेलं नाही, प्रयोग केलेला नाही. मग हक्क कसला?"

"नोंदणी लागत नाही," त्या म्हणाल्या. "माणसाने स्वतःच्या डोक्याने लिहिलं आणि ते कागदावर उतरलं की हक्क तिथेच जन्मला. वहीत लिहा की लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहा. लेखक जिवंत असेपर्यंत त्याचा, आणि त्याच्या पश्चात साठ वर्षं वारसांचा."

"पण मी नावं बदलली. गाव बदललं. पहिले दोन अंक तर..."

"पहिले दोन अंक तुमचेच. त्यांत त्यांची एकही ओळ नाही. टाकलेली बाई, आळ, पंच या झाल्या कल्पना. कल्पनेवर कुणाचा कायदा चालत नाही. उद्या मीही त्यावर नाटक लिहीन. कायदा राखतो ते शब्द, मांडणी, एकामागून एक गोष्टी कशा येतात ते." त्यांनी माझा तिसरा अंक उलगडला. चौदा पानांपैकी अकरा पानं लाल झाली होती. "हे बघा. बाईच्या हातातली बांगडी फुटते तीसुद्धा त्याच जागी. आणि हे वाक्य तर शब्दाला शब्द."

त्यांनी संहिता मिटली.

"त्यांनी हक्क लिहून दिलेत का तुम्हाला? सही करून?"

"नाही. पण नाटक मंडळाला पाठवायचं म्हणजे करायलाच ना?"

"वाचायला पाठवलं म्हणजे करायला दिलं असं होत नाही."

"बाई, माणूस पैसे घेत नाही, नावही नको म्हणतो. मग अडवण्यात त्याचा फायदा काय?"

वकीलबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "दोनाडकर, सगळ्यांना वाटतं हा कायदा पैसे मिळवायसाठी आहे. पैसे नंतर येतात. आधी येतो तो नाही म्हणायचा अधिकार. आणि नाही म्हणणाऱ्याला कारण सांगावं लागत नाही."

पंखा गरगरत होता. मी विचारलं, "काहीच मार्ग नाही?"

"एक आहे. दोन माणसांनी एकमेकांचं न पाहता, योगायोगाने सारखं लिहिलं, तर ती नक्कल ठरत नाही. इथे अकरा पानांचा योगायोग कोर्टाला पटवणं कठीण. पण त्यांची प्रत तुमच्यापर्यंत पोचलीच नसेल, तर निदान उभं राहायला जागा आहे. पोचली होती का?"

"नाही," मी म्हणालो.

"त्यांचं काही पत्र वगैरे?"

"नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मग तसं शपथेवर लिहून द्यावं लागेल. घरी जा, विचार करा, मग या."

आता खरं सांगतो. दोन्ही आलं होतं.

त्र्याण्णवच्या पावसाळ्यात 'उत्तर'ची प्रत आली. एका बैठकीत वाचली. वाचून झाल्यावर अंगणात जाऊन उभा राहिलो. बारा वर्षं मी नाटकं लिहीत होतो, आणि माझ्या हातून तसं एक वाक्य उतरलं नव्हतं. ते कुठल्याशा खेड्यातल्या मास्तराने पहिल्याच नाटकात लिहिलं होतं. पंधरा-वीस दिवसांनी एक पोस्टकार्ड आलं. 'माझे नाटक आपण करू नये, ही विनंती. प्रत परत पाठवावी. कारण घरगुती आहे. कळावे, दौलत भोयर.' उद्या पाठवू म्हणून मी प्रत पेटीत टाकली. कार्ड तिच्यातच ठेवलं.

दोन वर्षांनी 'पाचांपुढे एकटी'चा तिसरा अंक लिहायला बसलो तेव्हा मी ती पेटी उघडली नाही. उघडायची गरजच नव्हती, सगळं पाठ होतं. त्यामुळे मला स्वतःला सांगता आलं की मी कुठे बघून लिहिलंय?

ब्रह्मपुरीहून आल्यावर मी पेटी उघडली. कार्ड काढलं. बायको चुलीपुढे भाकरी थापत होती. दोन पावलं टाकली असती तर काम झालं असतं. मी ते चुलीत टाकलं नाही. चांगुलपणा आडवा आला असं समजू नका. मला वाटलं, आधी गुरुजींच्या घरी जावं, हातापाया पडावं, माणूस वळला तर शपथेची वेळच येणार नाही. कार्ड घरी ठेवायचा मात्र धीर झाला नाही. ते शर्टाच्या खिशात घातलं आणि सकाळच्या एसटीने निघालो.

गाडी फाट्यावर सोडून दोन मैल चालत गेलो. धान कापून झालं होतं, बांध्यांमध्ये धानाच्या भाऱ्यांचे पुंजणे उभे होते. गुरुजींचं घर गावाच्या टोकाला. अंगणात पन्नाशीच्या आसपासची एक बाई सुपात लाखोळीची डाळ पाखडत बसली होती.

"भाऊ ग्रामपंचायतीत गेला," ती म्हणाली. "येतेच आता. बसा जी."

तिने लोट्यात पाणी आणून दिलं आणि पुन्हा सुपाशी बसली. थोड्या वेळाने मान वर न करता विचारलं, "वडशाहून आले का? नाटकवाले?"

"हो."

"मी बहीण त्यायची. पार्बता. माझं गाव तिकडं नदीपल्याड. चार दिस झाले इथं येऊन." सुपातला खडा तिने वेचून बाजूला टाकला. "पायलं मी तुमचं नाटक. आमच्या गावच्या मंडईत लागलं होतं. सून म्हणे चला, लोक लई नाव काढतात. मी, सून, शेजारच्या बाया, सगळ्या समोरच बसलो."

मी बरं म्हणालो.

"तिसऱ्या अंकात ते पोरगी पंचायपुढं उभी रायली अन् बोलेचना. तवाच मले समजलं, आता हे का बोलणार हाय ते."

माझ्या हातात लोटा तसाच होता.

"पयल्या घरी होती तवा मी वीस वर्साची होती. नाटकात दाखवलं तसंच झालं. पण नाटकातली बाई बोलते, मी नाई बोलली. पाच जण विचारून विचारून थकले. मी एक सबुद नाई बोलली. सोडचिठ्ठी झाली, भाऊ घेऊन आला. मंग दुसरं घर भेटलं. चांगलं घर हाय जी. मालकाले पयल्या घराचं मालूम होतं, पण त्या रातीचं नाई. कोणालेच नाई."

"मग गुरुजींनी?"

"पंधरा-सोळा वर्सांनी माय मेली. तेरवीला आली होती मी. त्या दिशी काहून का, पण भावाजवळ बोलली. जे पंचायले सांगाचं रायलं होतं ते. एकडाव. पुन्हा नाई." तिने सूप खाली ठेवलं. "त्यानं आपल्या मनात ठेवलं. मंग कधी तरी नाटक लिवलं. तुमाले पाठवलं अन् मंग मले वाचून दाखवलं. मी म्हणलं, दादा, बरोबर लिवलं. पण हे लोकायपुढं नको आणू. जे मी पाचायपुढं नाई बोलली, ते हजारायपुढं दुसरी कोणी काहून बोलंल? त्यानं दुसऱ्याच दिशी तुमाले कार्ड टाकलं."

मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"कार्ड नाई भेटलं का जी तुमाले? आमच्या इकडलं पोस्ट असंच हाय."

ती मला कोंडीत पकडत नव्हती. तिने खरंच पोस्टाला दोष दिला होता. मला फक्त मान हलवायची होती. वकीलबाईंनी दाखवलेली जागा हीच, आणि ती मला त्या बाईनेच पुढे करून दिली होती.

फाटकाशी चपलांचा आवाज झाला. गुरुजी येऊन उभे होते. त्यांनी शेवटचं सगळं ऐकलं असावं.

मी खिशातलं कार्ड काढून तिच्यापुढे धरलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने ते भावाकडे दिलं. गुरुजींनी स्वतःचं अक्षर वाचलं, पोस्टाचा शिक्का वाचला. तीन वर्षांपूर्वीचा.

"भेटलं होतं त्यायले," ते बहिणीला म्हणाले.

त्यांनी शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं. पार्बताबाईने सूप पुन्हा मांडीवर घेतलं, पण पाखडलं नाही.

"तुमच्याविषयी कुणाला कळलं का?" मी कसंबसं विचारलं.

"कोणाले का कळते? सून रडत होती, मी पण रडत होती. साऱ्याच रडत होत्या."

"आज साकोलीकडे प्रयोग आहे," मी गुरुजींना म्हणालो. "तो मी रद्द करतो. यापुढे तो प्रवेश होणार नाही. तुमची मूळ प्रत उद्या आणून देतो. लिहूनही देतो."

"लिहून द्या," गुरुजी म्हणाले. "पण लिहिताना हिचं नाव नको."

मी उठलो. फाटकापर्यंत आलो तेव्हा पार्बताबाईने मागून हाक मारली.

"त्या पोरीले सांगजा, लई चांगलं बोलली म्हणून. मले तसं बोलता आलं असतं तं..." सूप हलू लागलं, डाळीचा आवाज सुरू झाला.

वकीलबाईंनी एका पानाचा कागद तयार केला. 'उत्तर' या नाटकाचे लेखक दौलत भोयर, त्यांच्या संमतीवाचून त्यातला कोणताही भाग मी रंगमंचावर आणणार नाही. मी त्यांना सगळं सांगितलं होतं, आधी त्यांच्याशी खोटं बोललो तेसुद्धा. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. कागद वाचून दाखवताना म्हणाल्या, "गंमत आहे. ज्या बाईचं ते बोलणं, तिचं नाव या कागदात कुठेच येत नाही. कायद्याच्या लेखी लेखक एकटे भोयर."

"तिला तेच हवंय," मी म्हणालो.

"म्हणून म्हटलं. तिचं नाही म्हणणं भावाच्या नावाखाली सुखरूप राहील. यापेक्षा जास्त कायद्याकडून होणार नाही."

चार दिवस दार लावून मी नवा तिसरा अंक लिहिला. तो माझा होता, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, आणि साधारण होता. तालमीत वनिताने कागद वाचले, उलटून पालटून पाहिले.

"भाऊ, माझं वाक्य कुठाय?"

"काढलं."

"काहून?"

"लेखकाला बदल करावासा वाटला."

हे खोटं नव्हतं, पण तिने लेखक म्हणजे मी असं धरलं आणि मी धरू दिलं. दुसरं काय सांगणार होतो? एक कारण सांगितलं की दुसरं विचारलं जातं, आणि झाडीत गोष्ट एका मांडवातून दुसऱ्या मांडवात जायला दोन दिवस लागत नाहीत. वनिताच्या डोळ्यांत पाणी आलं. "लोक तुमच्याऐवजी माझं नाव घेतात, म्हणून ना?" ती म्हणाली. मी तेही ऐकून घेतलं.

पहिल्या प्रयोगाला लोकांनी मांडवात आरडाओरडा केला. पुढे काही गावांनी तारखा फिरवल्या. मंडळ मोडलं नाही, पण त्या हंगामात आम्ही कसेबसे होळीपर्यंत पोचलो. होळीनंतर वनिता दुसऱ्या मंडळात गेली आणि तिथे फार मोठी झाली. समोर आली तर नमस्कार करायची आणि पुढे निघून जायची.

दौलत गुरुजी दोन हजार दहा साली गेले, पार्बताबाई त्यानंतर पाच वर्षांनी. इथे मी त्यांची नावं बदलली आहेत, गावं सांगितलेली नाहीत. अजूनही एखादा हौशी दिग्दर्शक येतो आणि म्हणतो, भाऊ, तुमचा तो जुना तिसरा अंक द्या ना. मी सांगतो, तो माझा नव्हता आणि माझ्याजवळ नाही. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी पूर्ण खरी नाही, कारण तो मला अजून पाठ आहे.

गेल्या वर्षी गडचिरोलीला वनिताचा सत्कार होता. मला बोलावतील असं वाटलं नव्हतं, पण पहिल्या रांगेत खुर्ची होती. कार्यक्रम झाल्यावर ती हार हातात घेऊन माझ्यापाशी आली. केस पांढरे झाले होते.

"भाऊ, आता तरी सांगा," ती म्हणाली. "खरंच इतकं वाईट बोलत होते का मी ते?"

"नाही गं. फार चांगलं बोलायचीस. एका बाईंनी मला मुद्दाम निरोप दिला होता, त्या पोरीला सांगा, लई चांगलं बोलली म्हणून."

"कोण बाई?"

"प्रेक्षकांतली."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"अठ्ठावीस वर्षं लागली तुम्हाला एवढा निरोप द्यायला?" ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो.